बोलणाऱ्याला नेमकं काय म्हणायचं आहे?

माझं काम लोकांचे कान तपासायचं. आतून फोमने मढवलेल्या, जाड दरवाज्याच्या एका छोट्या खोलीत मी माणसाला बसवते, डोक्यावर हेडफोन चढवते, हातात बटण देते आणि सांगते, ‘‘आवाज आला की दाबा. अगदी बारीक आला तरी दाबा.’’ मग काचेच्या अलीकडे बसून एकेक सूर सोडते. आला तर आला, नाही आला तर नाही आला. कागदावर उजव्या कानासाठी गोल, डाव्यासाठी फुली. इतकं सरळ काम वर्षानुवर्षं करून माझं डोकंही तसंच झालंय, असं नवरा म्हणतो. त्याचं सगळंच मी मनावर घेत नाही.

तर अशा बाईवर चाळिशीच्या उंबरठ्यावर इंग्रजीची वरच्या पातळीची परीक्षा द्यायची वेळ आली. हौस म्हणून नव्हे. आमच्या रुग्णालयात जन्मापासून ऐकू न येणाऱ्या बाळांच्या कानात यंत्र बसवतात. पण नुसतं बसवून भागत नाही, ते बाळाच्या मानाने जुळवून द्यावं लागतं, आणि ते करणारा तंत्रज्ञ बाहेरून येतो, त्याला सवड होईल तेव्हा. तोवर आया बाळं कडेवर घेऊन माझ्या दारात उभ्या. ‘‘ताई, याला कधी ऐकू यायला लागेल?’’ मी काय सांगणार? मला ते काम शिकायचं होतं. परदेशातल्या एका रुग्णालयात वर्षभराचा अभ्यासक्रम होता, मोठ्या डॉक्टरांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता, जागाही मिळाली होती. अट एकच. वाचन आणि श्रवण, दोन्हींत वरची श्रेणी हवी. प्रवेशाच्या मुदतीत निकाल हाती येईल अशी परीक्षेची तारीखही एकच उरली होती.

मला वाटलं, वाचनाची भीती, ऐकण्याचं काय? कान हाच तर आपला धंदा.

शिकवणीला मी एका निवृत्त बाईंकडे जायची. त्यांच्या बैठकीच्या खोलीत शिलाई मशीन, त्यावर स्पीकर, आणि समोर आम्ही दोघी. पहिल्याच दिवशी त्यांनी ध्वनिफीत लावली. ऑफिसातली दोन माणसं नव्या जागेबद्दल बोलत होती. शब्द न् शब्द मला ऐकू आला. प्रश्न होता, त्या माणसाला नवी जागा कशी वाटते? मी लिहिलं, आवडली.

‘‘चूक,’’ बाई म्हणाल्या.

‘‘अहो, तो म्हणाला की छान आहे! दोनदा म्हणाला.’’

‘‘म्हणाला. पण कसा म्हणाला?’’

‘‘कसा म्हणजे? तोंडाने.’’

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘‘शब्द म्हणजे शेंगेचं टरफल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दाणा आत असतो. तो अडखळला कुठे, विषय बदलला कुठे, कशाबद्दल बोलायचं टाळलं, ते बघायचं. या परीक्षेत नुसतं ऐकू आलेलं काही कामाचं नाही.’’

माझ्या डोक्यावरून गेलं. मग माणसं बोलतात तरी कशाला?

वाचनाचीही तीच तऱ्हा. एका पुलाबद्दल चार तज्ज्ञ मत देतात. पुलाचा उपयोग किती, या मुद्द्यावर तिसऱ्याचं कोणाशी पटत नाही? प्रत्येकजण इतका सभ्यपणे लिहितो की सगळ्यांचं सगळ्यांशी पटतंय असंच वाटतं. दुसऱ्या उताऱ्यात मधले परिच्छेद काढून खाली टाकलेले, ते जागच्या जागी बसवायचे. मी बसवले की त्या लेखात माणूस आधी म्हातारा व्हायचा आणि मग शाळेत जायचा. बाई शांतपणे म्हणायच्या, ‘‘परत बघू.’’ पालथ्या घड्यावर पाणी ओतण्याचा असा धीर मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

घरी आम्ही तिघं. नवरा बाटल्यांच्या कारखान्यात आहे. पांढऱ्या उजेडासमोरून बाटल्या सरकत जातात आणि तो तडा गेलेली अचूक उचलून बाजूला काढतो. पाळ्या फिरत्या, आठवड्याला बदलणाऱ्या. आणि सासरे. त्यांना आम्ही दोघंही बाबा म्हणतो. त्यांची डावी बाजू गेल्या वर्षी लुळी पडली, ऐकू आधीपासूनच कमी. कानातलं यंत्र मीच निवडून दिलेलं, पण ते त्यांना टोचतं, म्हणून बहुतेक वेळ ते खिडकीतल्या कपात पडलेलं असतं. त्यांना उठवणं, बसवणं, कूस बदलणं, सगळं मीच करायची. नवऱ्याला भीती वाटायची. धरायला जायचा आणि नुकतं जन्मलेलं मूल धरावं तसा अवघडून उभा राहायचा.

आता मी वर्षभर गेले तर बाबांचं कोण बघणार, हा प्रश्न घरात होता. मी तो सरळ विचारलाही होता.

‘‘जा तू,’’ नवरा म्हणाला. तो सिंकशी कप विसळत होता, पाठ माझ्याकडे.

‘‘आणि बाबा?’’

‘‘बघू. होईल काहीतरी.’’

‘‘रात्रपाळी असेल तेव्हा?’’

‘‘होईल म्हटलं ना.’’ आणि तो एकच कप विसळत राहिला.

पूर्वीची मी असते तर म्हणाले असते, चला, परवानगी मिळाली. पण मी आता बाईंची विद्यार्थिनी होते. पाठ का फिरवली? बाबांचा विषय का टाळला? एक कप धुवायला किती वेळ लागतो?

खरं सांगते, त्या दिवसापासून माझी झोप उडाली. गंमत म्हणजे शिकवणीत मात्र माझे गुण वाढू लागले. आधी निम्मी उत्तरं चुकायची, आता मी तोंडावर ‘वा, उत्तम’ म्हणणाऱ्याचा कंटाळा बरोबर पकडायची. बाई खूश. ‘‘आता कान उघडले तुमचे,’’ म्हणाल्या. उघडले ते असे उघडले की मिटेनातच. भाजीवाला ‘ताजी आहे’ म्हणाला की मी त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. मैत्रीण ‘ये ना गं कधीतरी’ म्हणाली तर घरी येऊन विचार करायची, कधीतरी म्हणजे येऊच नकोस का?

आणि नवरा. फोन आला की तो उठून जिन्यात जायचा. मी दिसले की ‘नंतर बोलतो’ म्हणून ठेवायचा. कामावरून उशिरा यायला लागला. विचारलं की म्हणायचा, थांबलो होतो जरा. अभ्यास कसा चाललाय, हे आधी रोज विचारायचा, ते बंद झालं. एकदा मी पुस्तकात डोकं घालून बसले होते आणि तो दारात उभा होता, किती वेळ कोण जाणे. तोंड उतरलेलं. मी बघितलं तर म्हणाला, ‘‘चहा टाकू?’’ याला काय म्हणावं? ताकाला जाऊन भांडं का लपवायचं माणसाने?

शेवटी मी माझ्या धंद्यातली युक्ती वापरली. आमच्याकडे बहिरेपणाचं सोंग घेऊन येणारेही असतात. कुणाला कामाची बदली हवी असते, कुणाला आणखी काही. त्यांना ओळखायचा एक मार्ग आहे. जो खरोखर ऐकायची धडपड करतो, तो मधूनच चुकतो. आवाज नसतानाही त्याला भास होतो आणि तो बटण दाबतो. सोंग घेणारा असा कधीच चुकत नाही. ठरवून बसलेला असतो ना. ज्याची एकही चूक होत नाही, त्याच्याकडे मी संशयाने बघते, आणि बहुतेक वेळा तो संशय खरा ठरतो.

मी नवऱ्याची तपासणी घेतली. खोलीत न बसवता, चालता बोलता. एकदा जेवताना म्हटलं, वर्ष म्हणजे फारच झालं, नाही? तो म्हणाला, जा तू. एकदा म्हटलं, नापास झाले तर बरंच होईल. तो म्हणाला, कशाला नापास होशील, जा. तो चिडलेला असताना विचारलं, पेंगत असताना विचारलं. मला वाटलं होतं, कधीतरी तोंडून निसटेल, ‘नको ना जाऊस.’ निदान ‘कठीण जाणार आहे गं’ तरी म्हणेल. छे! दर वेळी तेच उत्तर, त्याच आवाजात. एकही चूक नाही.

सोंग, मी ठरवून टाकलं. हा मनातून नको म्हणतोय आणि तोंडाने जा म्हणतोय, कारण चांगला आहे बिचारा. आणि मला इतका उमाळा आला त्याच्याबद्दल! इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मला त्याच्या आतलं ऐकू आलं होतं. मग ऐकूनही मी निघून जाणार होते का?

परीक्षेतून नाव काढून घ्यायची मुदत शुक्रवारी संपत होती. दोन पेशंटांच्या मधल्या वेळात मी कॉम्प्युटरवर नाव काढून टाकलं. पडद्याने विचारलं, नक्की? मी हो दाबलं. बाहेर बाकावर एक आई बाळाला थोपटत बसली होती. तिच्याकडे न बघता मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. डॉक्टरांना सोमवारी सांगायचं ठरवलं. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी आपण फार मोठं काहीतरी केलंय असंही वाटत होतं. यातलं खरं कुठलं, ते आजही मला सांगता येणार नाही.

नवरा त्या संध्याकाळी लवकर आला. बूट काढायच्या आधीच बोलायला लागला. एरवी दहा प्रश्नांना एक उत्तर देणारा माणूस!

‘‘झालं काम,’’ तो म्हणाला. ‘‘सुपरवायझर महिनाभर नुसता झुलवत होता. आज सही केली त्याने. पहिली पाळी, वर्षभर, बदलायची नाही. दुपारी मी घरी. सकाळचं खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई बघतील, त्यांच्याशीही बोललोय.’’

मी भिंतीला टेकले.

‘‘आणि उशीर व्हायचा ना मला? तुमच्याच रुग्णालयात जात होतो, मागच्या दाराने. वॉर्डातल्या मावशींनी शिकवलं सगळं. उचलायचं, बसवायचं, कूस बदलायची. तुला सांगू नका म्हणून हातापाया पडलो त्यांच्या.’’ तो हसला. ‘‘म्हटलं, नक्की झाल्याशिवाय बोलायला नको. उगाच तुझं अभ्यासातलं लक्ष उडायचं. काय झालं? अशी का बघतेस?’’

‘‘मी नाव काढून घेतलं,’’ मी म्हणाले.

‘‘कसलं नाव?’’

‘‘परीक्षेतलं.’’

‘‘मग परत घाल.’’

‘‘आता घालता येत नाही. पुढची तारीख मुदतीनंतरची आहे.’’

तो बुटासकट खुर्चीवर बसला. ‘‘का पण?’’

मी सांगायला लागले. सिंकशी फिरवलेली पाठ, जिन्यातले फोन, दारातला उतरलेला चेहरा. बोलता बोलता मलाच ते ऐकवेना. बाईंसमोर ही सगळी उत्तरं बरोबर आली असती.

‘‘तुला वाईट वाटत होतं,’’ मी म्हणाले. ‘‘खोटं सांगू नकोस. वाटत होतं ना?’’

‘‘वाटत होतं! का नाही वाटणार?’’ त्याचा आवाज चढला. ‘‘वर्षभर तू घरात नसणार, मला काय आनंदाच्या उकळ्या फुटणार होत्या? वाईट वाटतंच होतं. पण म्हणून जाऊ नकोस असं कुठे म्हटलं मी? एकदा तरी म्हटलं?’’

‘‘एकदाही नाही म्हटलंस, म्हणूनच तर...’’

‘‘म्हणूनच?’’

सोंगाड्यांची ती युक्ती त्याला समजावून सांगायचं धाडस मला झालं नाही.

‘‘सुतावरून स्वर्ग गाठलास,’’ तो म्हणाला. ‘‘विचारायचं तरी होतंस, बाई.’’

विचारलं होतं की. जेवताना, पेंगताना, चिडलेला असताना विचारलं होतं, आणि त्याने दर वेळी उत्तरही दिलं होतं. हे मला आत्ता कुठे कळत होतं. कळूनही नीट कळत नव्हतं, कारण त्याचा तो उतरलेला चेहरा मी खरोखरच पाहिला होता. मला भास झाला नव्हता.

आतून बाबांनी हाक मारली. मी सवयीने निघाले, तेवढ्यात तो उठला आणि माझ्या आधी आत गेला. मी दारातून बघत राहिले. त्याने गुडघे वाकवले, एक हात बाबांच्या खांद्याखाली, एक मांडीखाली, चादर ओढून घेतली आणि एका दमात त्यांना कुशीवर वळवलं. पाठीला उशी लावली. लुळा हात अलगद पुढे आणून ठेवला. मी करते त्याहून नीट. इतके दिवस हा माणूस कुठे, कुणापाशी, किती वेळा हे करून बघत असेल, या विचाराने मी दाराच्या चौकटीला धरून रडायला लागले.

बाबांना मी दिसले. यंत्र कानात नसलं की ते सगळ्या जिन्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलतात.

‘‘हिची परीक्षा कधी आहे रे?’’

नवरा उशी नीट करत राहिला.

‘‘नाही देत मी, बाबा,’’ मी म्हणाले.

‘‘काय?’’

मी पलंगाशी गेले, त्यांच्या बऱ्या कानाशी वाकले. ‘‘परीक्षा देत नाही मी!’’

‘‘का? हा जाऊ नको म्हणाला?’’

‘‘नाही,’’ मी ओरडून सांगितलं, ‘‘हा जा म्हणाला होता.’’