गाडीचा जोर

"काका, सांगा. करू का?" नीलेशने लॅपटॉपची वायर गाडीच्या डॅशबोर्डखाली जोडून नरहरींकडे पाहिलं. "सॉफ्टवेअर बदललं की हेच इंजिन पळाले लागते."

"अन् वॉरंटी?"

"ते तं जाईन. कंपनीवाले काय, आमचंच सामान लावा म्हणतात."

रायपूरच्या पंडरी भागातल्या त्या गॅरेजच्या दारात नरहरी घामाघूम होऊन उभे होते. बायकोला, चित्राला घरी एकटं ठेवायची भीती, म्हणून तीही सोबत आली होती. सकाळी दोघं कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन आले होते. कंपनीने मंजूर केलेलं किट म्हणजे चांगले ब्रेक, रुंद टायर; इंजिनाला जोर मात्र जेमतेम. मुलगी अनुश्री फोनवर म्हणाली होती, "बाबा, कंपनी जो दे वही लगवाओ. बाहर का मत करो."

पण ती त्या दिवशी गाडीत नव्हती. दोन महिन्यांपूर्वी अभनपूरला, मेहुणीच्या घरी, चित्राच्या छातीत कळ आली. नरहरींनी तिला गाडीत घालून रायपूर गाठायचं ठरवलं. पुढे धानाचा ट्रक होता. एसी बंद केला, गिअर उतरवला, तरी गाडी ट्रकच्या पुढे निघेना. "थोड़ा पहले लाते," डॉक्टर म्हणाले. चित्रा वाचली, पण हृदय कमजोर झालं. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म काढलेल्या, कधी कुणाच्या पुढे न घुसलेल्या नरहरींना तेव्हापासून डोळे मिटले की तो ट्रक दिसे.

"माझी चालवून पाहा. सेम मॉडेल, काम केलेली," नीलेश म्हणाला.

चित्रा मागे बसली, नीलेश शेजारी. रिंग रोडवर नरहरींनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडीने झेप घेतली. पुढची बस बघता बघता मागे पडली. कितीतरी दिवसांनी त्यांना मोकळा श्वास घेता आला. त्यांनी आणखी दाबला. तेवढ्यात दुभाजकाच्या मोकळ्या जागेतून एक स्कूटी समोर आली.

"काका, ब्रेक!"

टायर किंचाळले. गाडी घसरत जाऊन स्कूटीपासून हातभर अंतरावर थांबली. स्कूटीवरची मुलगी पांढरीफटक पडली होती. ती निघून गेली. नरहरींना मागे वळून बघायची हिंमत होईना.

"चित्रा?"

"आहे मी." मग ती म्हणाली, "त्या दिवशी अशी गाडी असती, तं तुम्ही घुसवली असती. समोरून काय येऊन राहिलं, पाहिलंच नसतं."

"मले तू पाहिजे होती."

"मालूम आहे मले."

गॅरेजमध्ये त्यांनी किल्ली नीलेशला परत दिली. "राहू दे बाबू. कंपनीचंच लावतो. ब्रेक तरी चांगले होतील."

"हव काका," नीलेश म्हणाला. त्याने डॅशबोर्डखालची वायर काढली.

घरी परतताना चित्रा शेजारी बसली. तिने मान मागे टेकली, डोळे मिटले. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा नरहरींनी तिच्याकडे पाहिलं. छातीवरचा पदर हलत नव्हता. त्यांनी हळूच तिच्या नाकाशी बोटं धरली.

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजू लागले, कुणीतरी शिवी हासडली. बोटांना श्वासाची ऊब लागेपर्यंत ते तसेच थांबले. मग त्यांनी गिअर टाकला.