डाव्या हाताची कढई

मी एक कढई आहे. दांडा एक, कान एक. इतर कढयांना दोन कान असतात. पण एका कानाने मी जेवढं ऐकलं तेवढं पुष्कळ झालं. तोंड मात्र चांगलं ऐसपैस आहे. त्याचा बोलण्यासाठी वेळेवर उपयोग झाला असता, तर चिंचणीतल्या एका घराची दोन बिऱ्हाडं झाली नसती. आज बोलतेय. उशीर झालाय, हे मलाही ठाऊक आहे.

माझा जन्म सीमेपलीकडे गुजरातेतल्या एका शेडमधला. जन्म म्हणजे काय, पोलादी पत्र्याची गोल चकती ठेवली, वरून दाब आला, दाब उठला तेव्हा मी कढई होते. एका मिनिटात आम्ही चौघी. बारसं कोणी केलं नाही. गंजू नये म्हणून अंगाला तेल फासलं, एकीत एक बसवलं आणि टेम्पोत भरलं.

आधी आम्हाला तलासरीच्या बाजारात मांडलं. वेवजीकडच्या बायका यायच्या, मला उचलायच्या, बोटाच्या पेराने वाजवायच्या आणि "पातळ आहे गं" म्हणून खाली ठेवायच्या. मग शेजारची ॲल्युमिनियमची, माझ्याहूनही पातळ कढई घेऊन जायच्या. कारण ती चमकत होती. माणसं वस्तू तपासतात एका कारणाने आणि घेतात दुसऱ्याच, हे मला तिथे कळलं. तलासरीत आम्हाला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून आमची रवानगी डहाणूला, स्टेशनजवळच्या एका भांड्यांच्या दुकानात झाली.

तिथे एका दुपारी कल्पिता आली. कैनाडच्या शेतकऱ्याची मुलगी, चिंचणीला मच्छीमारांच्या घरात दिलेली, तारापूरच्या एका कंपनीत पॅकिंगला जाणारी. आल्या आल्या तिने विचारलं, "शेठ, कार्बन स्टीलची कढई आहे?"

"बेन, कार्बनचा तर कागद असते. ते झेरॉक्सवाल्याकडे बघा."

तिने मोबाईल पुढे केला. शेठने चष्मा वर करून पाहिलं. "अरे, ही तर चायनीज कढई! सीधा बोलायचं ना. गाडीवाले घेऊन जाते."

अशी माझी दोन नावं झाली. मोबाईलमध्ये एक आणि दुकानात दुसरं. तिसरं पुढे चिंचणीत पडलं, 'काळी'. प्रत्येक कागदावर वेगळं नाव असलेल्या माणसाचे जे हाल होतात, तेच माझे झाले.

कल्पिताने नॉनस्टिकच्या कढईकडे पाहिलंसुद्धा नाही. घरातल्या जुन्या नॉनस्टिकचा मुलामा वर्षभरात भाजीतून सगळ्यांच्या पोटात गेला होता. बिडाची कढई तिला जड वाटली. गोल बुडाची शेगडीवर डुलते म्हणून बाजूला ठेवली. मग माझ्या जातीतल्या एकेकीला तिने उचललं. दांडा झाळलेला आहे की रिबिटाने ठोकलेला, हे पाहिलं. बूड सपाट आहे का, ते फरशीवर ठेवून पाहिलं. पत्रा फार पातळ असेल तर तापल्यावर वाकेल, जाड असेल तर उचलणार नाही, हे सगळं ती मोबाईलवर शिकून आली होती. आणि प्रत्येक कढई उचलायची ती डाव्या हाताने.

"डावखुऱ्या आहे काय तुम्ही?" शेठने विचारलं.

"नाही. सासूबाईंसाठी बघतेय. पाट्या वाहून वाहून त्यांचा उजवा खांदा गेलाय. डाव्या हाताने सगळं करतात आणि कोणाला कळू देत नाहीत. परवा बिडाची कढई हातातून पडली, तर म्हणाल्या, मांजराने पाडली."

"मांजर बी काय काय करते."

"शेठ, बिडाची कढई पाडणारं मांजर अजून जन्माला यायचंय."

"मग सासूलाच आणायचं ना दुकानात."

"त्यांना कळलं तर हात लावणार नाहीत. मी माझ्यासाठीच घेतली असं सांगणार. घरात राहिली की आपोआप वापरतील."

शेवटी मी ठरले. शेठने मला कागदात गुंडाळता गुंडाळता ताकीद दिली, "पहिलं तेल धुऊन काढायचं. मग खूप तापवायची, तेल पाजायचं, परत तापवायची. आठ दिवस. आंबट घालायचं नाय. काळी झाली की समजा सोनं झाली. मग घासायची नाय."

घासायची नाही, हे दोन शब्द कल्पिताने नीट ऐकले. मीही ऐकले. ज्या बाईने ऐकायला हवे होते, ती तेव्हा चिंचणीच्या घरी चिंच आणि रेती घेऊन पितळेचा हंडा घासत होती.

ती वेणू. कल्पिताची सासू. चाळीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी घेऊन डहाणूच्या बाजारात बसलेली. नवरा मोतीराम, गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून होडीवर न जाता ओट्यावर बसून समुद्राला सूचना करणारा. मुलगा मितेश तारापूरला नोकरीला. पाटी सुटल्यावर वेणूकडे दोनच गोष्टी उरल्या होत्या, चूल आणि मांडणी. चूल म्हणजे आता गॅसची शेगडीच, पण सत्ता तीच. आणि मांडणीवरची भांडी अशी लखलखीत, की मोतीराम म्हणायचा, "दाढी करायला आरसा नको मला." त्या आळीत बाईची किंमत तिच्या मांडणीवरून ठरायची. काळं बूड दिसलं की बाई आळशी, आणि मग तिच्या माहेरापर्यंत चौकशी.

कल्पिताने मला आणून शेगडीजवळ ठेवलं. "आई, मला हवी होती म्हणून आणली."

"बरं," वेणू म्हणाली.

शेजारची बायजी नेमकी मीठ मागायला आलेली. मीठ हे निमित्त. ती रोज काहीतरी मागायला यायचीच. जाता जाता वेणूच्या कानाशी म्हणाली, "वेणूबाय, सून कढई घेऊन आली म्हणजे चूल घेतली समज."

वेणू हसली. पण त्या दिवसापासून माझ्याकडे बघताना ती डोळे बारीक करायची.

कल्पिताने मला आठ दिवस तयार केलं. कामावरून यायची, मला तापवायची, तेलाचं बोट फिरवायची, कांद्याची सालं परतायची. मी आधी पिवळी झाले, मग निळी, मग तपकिरी आणि शेवटी काळीभोर. लोकांना उजळ व्हायचं असतं; माझ्या आयुष्यात सगळी प्रगती काळं होण्याकडे. नवव्या दिवशी तिने माझ्यात जवळा परतला. एक कण चिकटला नाही. मोतीरामने बोटं चाटून विचारलं, "आज जवळा कोणी केला?" कल्पिता म्हणाली, "कढईने." आणि वेणूने पान उचललं.

पण एक गोष्ट कल्पिताला माहीत नाही. एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मोतीराम ओट्यावर घोरत होता. वेणू माझ्याजवळ आली, दार बघितलं आणि डाव्या हाताने माझा दांडा धरून मला उचललं. एकदा. मग पुन्हा एकदा. मनगटात मला हलकेच झोका दिला.

"हलकी आहे मेली," ती म्हणाली.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक ते एवढंच. त्या दिवशी तिने माझ्यात चार बोंबील तळून एकटीने खाल्ले, मला पुसलं आणि होते तिथे ठेवलं. मला वाटलं, झालं. आता आपोआप होणार. कल्पिताचा हिशेब बरोबर निघाला.

पुढच्या रविवारी कल्पिताची आई कैनाडहून येणार होती. शनिवारी कल्पिता कामावर गेली आणि वेणूने घर आवरायला घेतलं. मांडणीजवळ थांबली. सगळी भांडी चकाकत होती आणि मध्ये मी, काळीकुट्ट. ती मोतीरामला म्हणाली, "उद्या विहीणबाई येणार. पोरीची वस्तू अशी काळी बघून काय म्हणतील? सासू हात लावत नाही म्हणतील."

"मग लाव हात," मोतीराम म्हणाला. या माणसाने आयुष्यात एवढा एकच सल्ला लगेच दिला, आणि तोही नेमका नको तेव्हा.

वेणू मला घेऊन अंगणात बसली. चिंच भिजवलेली होती, किनाऱ्यावरची बारीक रेती होती, काथ्याचा चोथा होता. डाव्या हाताने घासायला लागली. मी घट्ट धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण चिंचेपुढे आठ दिवसांचा काळा रंग किती टिकणार? दोन तास लागले तिला. मध्ये मध्ये खांदा दाबायची, पुन्हा घासायची. शेवटी मी शेडमधून निघाले तेव्हा होते तशी पांढरी झाले. तिने मला समोर धरून पाहिलं. चेहऱ्यावर असं समाधान, की मलाच अपराध्यासारखं झालं. मग सुकायला म्हणून मला कुंपणावर पालथी घातली, समुद्राच्या वाऱ्यात.

चिंचणीचा वारा उघड्या लोखंडाला संध्याकाळपर्यंतही मुदत देत नाही. सहा वाजता कल्पिता आली तेव्हा मी नारिंगी झाले होते.

ती अंगणातच उभी राहिली. "हे कोणी केलं?"

"मी," वेणू बाहेर येऊन म्हणाली. "घासली. किती काळी..." आणि मग तिलाही माझा रंग दिसला. ती चाचरली. "अगो, पांढरी केली होती मी. आता ही..."

"नको होती तर सांगायचं होतं, आई. आठ दिवस लागले होते मला."

"तुझी आई येणार म्हणून..."

"माझ्या आईला मध्ये आणू नका!"

वेणूचं वाक्य अर्धंच राहिलं. तिने ते पुरं केलं नाही. चाळीस वर्षं बाजारात भल्याभल्यांना गप्प करणारी बाई, पण तेव्हा पदराने हात पुसत आत गेली. कल्पितानेही, ही कढई कोणासाठी आणली होती, हे सांगितलं नाही. दोघींनी एकमेकींसाठी चांगलं केलं होतं आणि दोघींनीही ते पदराआड ठेवलं. मी मध्ये कुंपणावर पालथी, एका कानाची.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई आल्या, चहा पिऊन गेल्या. कढईकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

महिन्याभराने मितेशने बोईसरला खोली घेतली. "शिफ्टला जवळ पडतं," असं त्याने बापाला सांगितलं. मोतीरामने मान हलवली. वीस मिनिटांच्या रस्त्याला जवळ करायला खोली घेतात, हे त्याला बहुतेक पटलं असावं. त्याचं आणि कल्पिताचं सामान टेम्पोत चढलं. मला कोणी घेतलं नाही. मी कुंपणाजवळ राहिले आणि बायजीच्या कोंबड्या माझ्यात पाणी प्यायला लागल्या.

वेणू पुन्हा बिडाच्या कढईवर आली. ती उचलायला आता मोतीरामला हाक मारावी लागे. एकदा रस्सा त्याच्या पायावर सांडला, तेव्हा त्याने सांगून टाकलं, "तुझ्याने होत नाही आता, अगो. डबा लावू." घरात डबा येणार, म्हणजे चूल गेली. वेणू दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला पिशवीत घातलं आणि एकटी डहाणूला निघाली, बदलून काहीतरी हलकं आणायला.

शेठने मला उलटसुलट करून पाहिलं. "ही घासली कोणी?"

"मी. बदलून द्या. डाव्या हाताने उचलेल अशी द्या."

शेठने चष्मा वर केला. "चिंचणीच्या काय तुम्ही? अरे, तुमच्यासाठीच तर नेली होती सूनबेनने! सगळ्या कढया डाव्या हाताने उचलून बघितल्या. मी बोललो, डावखुऱ्या काय? तर बोलली, सासूचा खांदा गेलाय. मांजराची बी गोष्ट सांगितली."

वेणू दुकानातल्या स्टुलावर बसली. मग तिने विचारलं, "काळी कशी करायची?"

रिक्षात तिने मला मांडीवर घेतलं होतं. घरी मोतीरामने विचारलं, "बदलून नाही दिली?"

"नाही बदलायची."

मग पुन्हा आठ दिवस. तेल, जाळ, कांद्याची सालं. आयुष्यभर काळं घालवत आलेली बाई काळं आणायला शिकली. मी तयार झाले त्या दिवशी तिने बोईसरला फोन लावला.

"कढई काळी झालीय," ती म्हणाली.

पलीकडून कल्पिता म्हणाली, "बरं, आई."

"येऊन बघून जा."

"बघते. सुट्टी मिळाली की."

वेणूला आणखी बोलायचं होतं. ओठ हललेले मी पाहिले. पण ती म्हणाली, "जेवलीस?" आणि फोन ठेवला.

तेव्हापासून चार रविवार झाले. सुट्टी मिळालेली नाही. मिळालीही असेल, मला काय कळणार. दर रविवारी वेणू मला मांडणीच्या मधोमध ठेवते, दारातून दिसेन अशी. परवा बायजी साखर मागायला आली आणि मला पाहून थबकली. "वेणूबाय, हे काळं काय मांडून ठेवलंय? लोक काय म्हणतील?"

"सुनेने आणलीय," वेणू म्हणाली. "माझ्यासाठी. माझा खांदा गेलाय ना."

चिंचणीत हे वाक्य पहिल्यांदाच बोललं गेलं. साखर न घेताच बायजी गेली. म्हणजे संध्याकाळपर्यंत आळीभर होणार. ज्या एका माणसाने ते ऐकायला हवं होतं, ते बोईसरला.

माझं एवढंच सांगणं आहे. कढई घेताना बूड सपाट बघा, दांडा ओढून बघा, पत्रा वाजवून बघा, स्वस्त पडली तर फार उत्तम. पण घरी आणल्यावर ती कोणासाठी आणली, ते त्या माणसाला सांगा. आमचं तोंड नुसतं आ वासायला दिलेलं आहे. तुमचं तसं नाही.

आता वेणू उठलीय. आज पुन्हा रविवार. जवळा निवडून ठेवलाय, चार माणसांचा. खाणारी दोनच आहेत. ती दाराकडे बघते आणि डाव्या हाताने मला उचलते.