डोंगरापलीकडची टाचणी

बाळांनो, डोळे मिटा आणि एक भिंतभर नकाशा समोर आणा. मधोमध डोंगरांची रांग. अलीकडे दमट, हिरवी रानं. पलीकडे कोरडा माळ. हिरव्या बाजूला टाचण्याच टाचण्या. तळहाताएवढा एक तपकिरी पतंग जिथं जिथं सापडला, तिथं तिथं एकेक. पतंग म्हणजे दोरीचा नव्हे हं, रात्री दिव्याभोवती घिरट्या घालणारा. माळावर मात्र एकही टाचणी नाही.

नकाशा होता संग्रहालयात, आत्याच्या खोलीत. सुट्टीत दोघी भाच्या तिथंच असत. थोरलीला, ताईला, सहलीत असा पतंग सापडला, म्हणून आत्यानं भिंगावरून मान वर न करताच लाल टाचणी तिच्या हाती दिली, आणि ताईनं ती डोंगराच्या अलीकडे खोचली. धाकट्या पिंगीनंही हात पुढे केला, तर आत्या म्हणाली, "आधी पतंग आण, मग टाचणी."

पिंगीचा तिळपापड झाला. ताईला शाबासकी, ताईला टाचणी, आणि आपण नुसत्या पेट्या पुसायच्या? आत्या नि ताई हात धुवायला गेल्या तशी ती स्टुलावर चढली, लाल टाचणी उपटली आणि डोंगरापलीकडे माळावर खोचली. आता बसू देत ताईला बोलणी.

दुसऱ्या दिवशी ताई तापानं घरी राहिली. नकाशा पाहून आत्या थबकली आणि तिनं थेट संग्रहालयाच्या मोठ्या साहेबांनाच बोलावलं. रागावणं राहिलं बाजूला, साहेब हरखूनच गेले. पतंगानं डोंगर ओलांडला, हे आजवर कुणाला ठाऊक नव्हतं. नव्या नकाशात त्याचा मुलूख वाढवायचा, खाली ताईचं नाव घालायचं आणि दुपारीच तो छापायला धाडायचा, असं ठरलंसुद्धा.

पिंगीला गिळवेना की थुंकवेना. गप्प बसावं तर ताईचं नाव छापून येणार, बोलावं तर आपलं बिंग फुटणार. आणि तो बिचारा पतंग, त्याच्या अळीला खायला एक पान नाही अशा माळावर, कागदावर कायमचा अडकणार.

"तू तिचीच बहीण ना?" साहेब हसून म्हणाले. "शीक जरा तिच्याकडून."

पिंगीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. आत्यानं विचारलं, "काय गं, पोटात दुखतंय?"

"हो," पिंगी म्हणाली, "कालपासून."

तिनं स्टूल ओढलं, दोघांच्या देखत वर चढली आणि टाचणी उपटली. डोंगराच्या अलीकडे, ताईनं पाडलेलं बारीकसं भोक अजून तसंच होतं. पिंगीनं ते बोटानं चाचपलं आणि टाचणी त्यातच पुन्हा खोचली.