पेटीतला भंडारा

माझा नवरा आशुतोष खोटं बोलतोय असा मला संशय होता, आणि तोंडावर विचारायची हिंमत होत नव्हती. एरवी मी कुणाच्या बापाला घाबरत नाही, आमच्या इथल्या आयर्लंडमधल्या मराठी मंडळात कुणालाही विचारा.

पोर्टलीशच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या सायकलवाल्याला कुणीतरी उडवून पळून गेलं होतं. म्हातारा अजून बेशुद्ध होता. गार्डा, म्हणजे इथले पोलीस, डावा आरसा फुटलेली राखाडी गाडी शोधत होते. आमची गाडी राखाडी. त्याच आठवड्यात आशुतोषने डावा आरसा बदलून आणला. गेटपाशी कचऱ्याच्या बिनला घासला, म्हणे. बिनवर साधा ओरखडा नव्हता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यातच हेरिटेज वीकसाठी गावातल्या नॉर्मन किल्ल्यात मंडळाने नाटुकलं करायचं ठरलं. विषय, मध्ययुगातला न्याय. तिथल्या गाइडबाईंनी रीत समजावली. पुरावा नसला की आरोपीने संताच्या अस्थींच्या पेटीवर हात ठेवून शपथ घ्यायची. मग त्याच्या माणसांनी एकेक करून पुढे यायचं, आपणही निर्दोष आहोत असं सांगायचं आणि त्याची शपथ खरी असल्याची शपथ घ्यायची. एकाने जरी माघार घेतली तरी आरोपीला शिक्षा.

लेखन माझ्याकडे होतं. बाईंनी मेंढीचोरीचा खटला सुचवला होता. मी मेंढी काढून टाकली आणि वाटसरूला जखमी करून पळाल्याचा आरोप घातला. आरोपी आशुतोष. शपथ घेणाऱ्यांत आमची लेक भार्गवी. कॉलेजात जाते, नुकतीच गाडी शिकली आहे. काही दिवस धड जेवत नव्हती, नाटकात तरी रमेल म्हणून तिला घेतलं.

पेटी रिकामीच ठेवायची होती. सकाळी मी देवाच्या कपाटातून सासूबाईंनी जेजुरीहून आणलेला भंडारा काढला आणि पेटीत ओतला. खंडोबा आमचं कुलदैवत. भंडाऱ्यावर हात ठेवून खोटं बोलायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. खाई त्याला खवखवे, बघूच म्हटलं.

प्रयोगाला बरी गर्दी होती. बंदोबस्ताचा गार्डा दाराशी चहा पीत उभा होता. न्यायाधीश झालेल्या पद्माकरने आरोप वाचला. आशुतोषने झाकण उघडलं आणि थबकला.

त्याने चिमूटभर भंडारा कपाळाला लावला, हात आत ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मी कुणालाही रस्त्यात टाकून पळालेलो नाही."

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. भंडारा कुणी घातला आणि का, ते त्याला कळलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगते, त्या लाजेपेक्षा आनंदच जास्त होता. माझा नवरा निर्दोष होता.

पुढे भार्गवी आली. तिने पेटीत पाहिलं, हात पुढे केला आणि मागे घेतला. लोकांना वाटलं पोर वाक्य विसरली. कुणीतरी टाळ्या वाजवून धीर दिला. पद्माकरने हळूच वाक्य सुचवलं.

"आई, आय कान्ट," ती पुटपुटली. "तो बिन नव्हता. बाबाला मी खोटं सांगितलं."

आशुतोषचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने पोरीवर विश्वास ठेवला होता, इतकंच. गार्डा अजून चहाच पीत होता, त्याला मराठीचं एक अक्षर कळलं नव्हतं. आशुतोष अडकला असता तर मी स्वतः त्याला बकोटीला धरून गार्डापुढे उभं केलं असतं. ही माझी लेक होती. मला फक्त तिला वाचवायचं होतं.

"वाक्य म्हण, भार्गवी," मी विंगेतून म्हणाले. "नुसतं नाटक आहे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी इतके दिवस तिच्या बाबाकडे पाहत होते. मग ती पायऱ्या उतरली आणि दाराकडे चालू लागली. आशुतोष तिच्या मागे धावला. गार्डाने चहाचा कप खाली ठेवला.

मी विंगेतच उभी राहिले.