लोटन सरांची कडी

"लोटन सर, आज तरी मंडपात या! का मुतारीपाशीच भूगोल शिकवणार?"

नऊवारी लुगडं, नाकात नथ आणि नथीखाली झुबकेदार मिशा अशा थाटात छगन सरांनी व्हरांड्यातून विचारलं. स्वतःच्याच विनोदावर ते इतके हसले, की गळ्यातली पी.टी.ची शिट्टी आपसूक वाजली. दहावीच्या निरोप समारंभात त्यांचा नाच होता. दरवर्षीच असायचा.

लोटन सर जागचे हलले नाहीत. मुलांच्या संडासाच्या दाराला पाठ देऊन, डोक्यावर काळी छत्री धरून उभे राहिले. तसं त्यांना बोलताना ऐकलेला माणूसच दुर्मीळ. स्टाफ मीटिंगमध्ये ते तोंड उघडत ते फक्त चहासाठी, तेही कपाच्या मापानं. असा माणूस संडासाच्या दाराशी कसा येऊन उभा राहिला, ते सांगतो. थोडं तिखटमीठ मी लावणारच. पण सगळ्यात खोटं वाटेल ते नेमकं खरं आहे, एवढं धरून चाला.

पारोळ्याहून भडगावकडे जाताना लागते ती शाळा. मुख्याध्यापक प्रेमराज सर. 'शिस्त' हा शब्द त्यांच्या तोंडात इतका घोळायचा, की त्याला पानाचा रंग चढला होता. मुलं आत बसून तंबाखू मळतात म्हणून त्यांनी सगळ्या संडासांच्या कड्या उपटून आणल्या आणि टेबलावर कागदांवर वजन म्हणून ठेवल्या. स्वतः सर तंबाखू ऑफिसात मळत. ऑफिसला कडी होती.

एकदा त्यांना जळगावला प्रशिक्षणाला धाडलं. मुलगा असून मुलींसारखा चालणारा, मुलगी असून मुलीवरच जीव जडलेली, अशी एलजीबीटी मुलं शाळेत कशी सांभाळावीत, त्यांचा छळ कसा थांबवावा, हे एक बाई जीव तोडून सांगत होत्या. प्रेमराज सरांनी कचोऱ्या हाणल्या आणि असे घोरले, की हायवेवरच्या ट्रकांनी म्हणे साइड दिली. जाग आल्यावर 'आमच्या शाळेत तसलं कोणी नाही' एवढं सांगून, फुकटची पिशवी काखोटीला मारून परतले. पिशवीवर छापलं होतं, 'प्रत्येक मूल आपलं'. वांगी आणायला फार सोयीची निघाली.

व्हरांड्यात तक्रारपेटीही होती. तिची किल्ली हरवलेली आणि आत गांधीलमाश्यांचं पोळं. त्या पेटीकडे न घाबरता जाणाऱ्या तेवढ्याच.

आणि 'तसलं कोणी नाही' म्हटलेल्या त्याच शाळेत दहावीच्या वर्गात योगेंद्र होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरींच्या बरोबरीनं झोक्यावर बसून त्यानं गौराईची गाणी म्हटली. तेव्हापासून टोळी मागे लागली. म्होरक्या संस्थेच्या चेअरमनसाहेबांचा भाचा, म्हणजे त्याला शिस्त लागू नव्हती. योगेंद्र संडासात गेला, की हे दार ढकलून मोबाइल आत घालायचे.

ऑक्टोबरच्या उन्हात, प्रार्थनेला, पोरगं उभ्याउभ्या कोसळलं. छगन सर म्हणाले, "नाजूक आहे हो!" लोटन सरांनी त्याला उचलून निंबाखाली नेलं, तोंडावर पाणी मारलं आणि घरच्या अहिराणीत विचारलं,

"सकायपाइन पानी पेयना का रे?"

"नई, सर."

"काब्र?"

"पानी पेवं ते जावं लागस. दारले कडी नई शे. त्या मोबाइल लिसन येतस." पोरगं मातीत बोटानं रेघा ओढत राहिलं. मग खालमानेनं म्हणालं, "त्या चिडावतस ते खोटं नई शे, सर. माले पोरी नई आवडतस. पोऱ्या आवडतस."

 पोराला मुलगेच आवडतात म्हटल्यावर काय बोलायचं, हे लोटन सरांना कुणी शिकवलं नव्हतं. ज्यांना शिकवलं, ते घोरत होते. त्याच्या सदऱ्यावरची माती झटकत लोटन सर म्हणाले, "आवडू दे. त्यामा काय? पन पानी ते पेवं लागी ना, बेटा."

रविवारी त्यांनी बाजारातून कडी आणली आणि हातानं दाराला ठोकली. सोमवारी प्रेमराज सरांनी शिपायाकरवी ती उपटली. "एकाला दिली तर उद्या सगळे मागतील!" कडीच मागतील, राज्य नाही, हे त्यांना कोण सांगणार?

आमच्याकडे शाळेचे निर्णय मीटिंगमध्ये होत नाहीत. ते थंडीत, मळ्यातल्या भरीत-पार्टीत होतात. चेअरमनच्या मळ्यात कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजत होती. 'प्रत्येक मूल आपलं' रिकामी होऊन बांधावर पडली होती.

"त्या योगेंद्रचा दाखला देऊन टाकू," प्रेमराज सर बोटं चाटत म्हणाले. "वातावरण बिघडतं. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसेल बोर्डाला."

"मग छगन सरांचाही द्या," कोणीतरी म्हणालं.

सगळे इकडेतिकडे बघायला लागले. आवाज ओळखीचा नव्हता. लोटन सरांचा होता.

"माझा? मी काय केलं?" छगन सर ठसकले.

"दरवर्षी लुगडं नेसून नाचता. तुम्हाला शिट्ट्या, नारळ, स्टाफरूममध्ये फोटो. ते पोरगं नुसतं चाललं तर दाखला!"

"अहो, माझं सोंग असतं ते!"

"तेच म्हणतो. तुमचं सोंग चालतं. त्याचं खरं चालत नाही."

असा शुकशुकाट झाला, की जाळातलं वांगंसुद्धा फुटायचं थांबलं.

"पर्यवेक्षकपदासाठी तुमचं नाव पाठवायचंय, लोटन सर," प्रेमराज सर सावकाश म्हणाले. "जरा विचार करून बोला."

लोटन सरांनी त्या पदाची बरीच वर्षं वाट पाहिली होती. घरी बायकोनं त्या पगाराच्या भरवशावर गच्चीचं पत्र्याचं काम काढलं होतं. त्यांनी पुढ्यातलं भरीत तसंच ठेवलं, हात धुतले.

"नका पाठवू. पण दाखला निघाला, तर त्याच्या आईला घेऊन मी जळगावला शिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात बसेन."

दाखला निघाला नाही. शूरवीरांचं शौर्य जळगावच्या नावानंच वितळलं. पर्यवेक्षक छगन सर झाले. कडी काही लागली नाही.

मग लोटन सर स्वतःच लागले. रोज, मधल्या सुट्टीत.

"सर, आमले बी जानं शे," भाचा टोळी घेऊन आला.

"जाय ना. एकएक जन. मोबाइल मनापान ठेव."

टोळी परत आली नाही. एकेकट्यानं जायला त्यांना बहुधा लागतच नव्हतं.

तर, निरोप समारंभाचा तो दिवस. मंडपात छगन सरांच्या लुगड्यावर शिट्ट्या पडत होत्या. प्रेमराज सर टाळ्या वाजवत होते. योगेंद्र मंडपातून उठून नळावर आला. ओंजळ लावून त्यानं पाणी प्यायलं, पोट भरेपर्यंत, सदरा भिजेपर्यंत. तोंड पुसत दाराशी आला.

"जाऊ का, सर?"

लोटन सर बाजूला झाले. तो आत गेल्यावर दाराकडे पाठ करून पुन्हा उभे राहिले. एका हातात छत्री. दुसरा हात मागे नेऊन, उपटलेल्या कडीच्या भोकात बोट अडकवून त्यांनी दार ओढून धरलं.

आतून गौराईचं गाणं ऐकू यायला लागलं, हलक्या आवाजात. लोटन सरांनी बोट सोडलं नाही.