माझ्या तिसऱ्या खणातलं दुखणं

मी एक जुनी बॅटरी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी काही कौतुक करून घ्यायला आलेली नाही. माझ्यापायी नऊ वर्षांच्या एका मुलीचा जीव जाता जाता राहिला. मला वाईट म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पण आधी सगळं ऐकून घ्या, कारण या गोष्टीत वाईट मी एकटीच नव्हते.

गाडी सुरू करणारी बॅटरी वेगळी. ती इंजिनाशेजारी बसते, किल्ली फिरली की एक धक्का देते आणि मग दिवसभर लोळते. मी घराची बॅटरी. एका लांबट गाडीच्या पोटात एक अख्खं घर मांडलेलं होतं: दोन फळ्यांचे पलंग, वीतभर ओटा, शेगडी, नळ आणि एक छोटा फ्रिज. त्या घरातला दिवा, पंखा, नळाचा पंप, फ्रिज, सगळं माझ्या जिवावर चालायचं. गाडी धावत असली की इंजिन मला भरायचं, उभी असली की टपावरचं सोलर पॅनेल.

माझा जन्म कारखान्यातला. शिशाच्या जाळ्यांत लेप भरून पाट्या केल्या, त्या सहा खणांच्या डब्यात उभ्या केल्या आणि वरून ॲसिड ओतलं. जन्मतःच अंगाची आग. भीतीशी माझी ओळख तेव्हापासूनची.

ज्यांच्याकडे मी आले ते बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. वर्षातले पाच महिने बायको-मुलीला घेऊन ते गाडीतून शहरोशहरी फिरत. गोदामांतले मोठे काटे, दुकानांतले छोटे काटे, सगळे तपासत. नाजूक वायरींचं काम आईकडे. आणि मुलगी खारू. ती बिस्किटं खारीसारखी कानाकोपऱ्यात लपवते, म्हणून खारू. तिला लहानपणापासून मधुमेह. दिवसातून चार वेळा सुई, आणि त्या सुईतलं इन्सुलिन फ्रिजमध्ये. फ्रिज माझ्यावर. म्हणजे ती माझ्यावर. तिचा पलंगसुद्धा बरोबर माझ्या पेटीच्या वर होता. तिनं कूस बदलली तरी मला कळायचं.

पहिली चार वर्षं काय मान होता माझा! "आपली बॅटरी म्हणजे हत्ती आहे, हत्ती," बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. दर महिन्याला माझी झाकणं उघडून पाणी बघत. मग दोन महिन्यांनी बघू लागले. मग आठवण झाली की. हत्तीला कोण रोज पाणी दाखवतो? सहाव्या वर्षी माझ्या तिसऱ्या खणातलं पाणी इतकं खाली गेलं की पाट्यांची टोकं उघडी पडली. लेप झडायला लागला. झडलेला गाळ तळाशी साचत चालला. मला दुखायला लागलं, आणि त्याहून जास्त भीती वाटायला लागली. निकामी बॅटरीचं काय होतं ते मी ऐकून होते. भंगारात नेतात, डबा फोडतात, आतलं शिसं वितळवतात.

म्हणून मी गप्प राहिले.

त्या वर्षी चार दिवस आभाळ भरून राहिलं आणि गाडीही एकाच जागी उभी होती. चौथ्या दिवशी मी मान टाकली. फ्रिज बंद पडला. आईनं इन्सुलिनच्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि बर्फ शोधत फिरली. परत आली तेव्हा तिचा आवाज चिरका झाला होता. "अहो, हे पुन्हा व्हायला नको. दुसरी बॅटरी बसवा. आजच्या आज."

आईची थोरली बहीण गाड्यांच्या वायरिंगचं काम करायची. तिला फोन लागला.

"भावजी, नवी घ्या, पण जुनीच्या गळ्यात बांधू नका," मावशी म्हणाली. "दोन्ही एकदम बदला. ते जमत नसेल तर जुनीला निदान भार लावून, म्हणजे पंखा-फ्रिज चालवून, तपासा."

"अहो ताई, मीटर लावला की कळतंच की."

"मीटर तोंडावरचं हसू दाखवतो, भावजी. पोटातलं दुखणं दाखवत नाही."

फोन ठेवल्यावर बाबा आईला म्हणाले, "झालं! तुझी ताई आता बॅटऱ्यांची डॉक्टरीण झाली."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. पॅनेलनं मला नुकतंच भरलं होतं, आणि तेवढ्यात बाबांनी मीटर लावला. अशा वेळी कुठलीही रोगट बॅटरी टवटवीत दिसते. मीही दिसले. मी तर अंग चोरायच्या ऐवजी ताठ उभी राहिले. आकडा साडेबारा व्होल्टच्या वर गेला.

"बघ! ठणठणीत. कशाला टाकायची? अजून चालतेय की."

अजून चालतेय की! मोठ्या माणसांच्या या वाक्यानं किती घरं जाळली असतील याची मोजदाद कुणी ठेवत नाही. पण तेव्हा मला ते वाक्य गोड लागलं. मी वाचले होते.

नवी बॅटरी माझ्या पेटीत मावेना. माझ्या झाकणांपासून एक रबरी नळी निघून गाडीच्या तळातून बाहेर जायची. भरताना आमच्या अंगातून वायू सुटतो, तो त्या नळीनं बाहेर निघून जाई. बाबांनी ती नळीच उपटून काढली. "मुक्कामाला पोचल्यावर दुसरीकडून घालतो," म्हणाले. मग लाल केबल लालला, काळी काळीला. पान्ह्यानं नट आवळले. नवी माझ्या शेजारी तरणीताठी बसली होती. तिला माझ्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं.

गाडी निघाली. रस्ता खराब होता, दोन तास नुसते गचके. आणि एका मोठ्या खड्ड्यात माझ्या तिसऱ्या खणातला गाळ उसळून पाट्यांच्या मध्ये अडकला. तो खण तिथल्या तिथे मेला. आता माझ्यात पाचच खण जिवंत. इंजिन मला सहा खणांची समजून भरत राहिलं. शेजारची नवी बॅटरीही भरत राहिली, कारण दोघी जोडल्या की जिच्याकडे जास्त ती कमीवालीकडे ओतते. मी भरतच नव्हते, नुसती तापत होते. आतलं ॲसिड खदखदायला लागलं. वायू सुटायला लागला. आणि नळी? ती अवजारांच्या डब्यात गुंडाळून पडली होती.

गाडी एका धान्याच्या गोदामामागे उभी राहिली. इंजिन बंद झालं, पण नवी बॅटरी ओततच होती. बाहेर वारा सुटला होता, धूळ आत येऊ नये म्हणून खिडक्या घट्ट लावलेल्या. बाबा काटा बघून यायला गेले. खारू "मी पडते जरा" म्हणून पलंगावर आडवी झाली. माझ्या वर.

मित्रांनो, आमच्या अंगातून दोन वायू सुटतात. एकाला सडक्या अंड्याचा वास असतो आणि तो डोकं फिरवतो. दुसऱ्याला वासच नसतो, आणि एका ठिणगीत त्याचा भडका होतो. माझ्यापासून हातभर अंतरावर नळाचा पंप होता. तो सुरू झाला की त्याच्या आत बारीक ठिणग्या उडतात. आईनं नळ सोडला. पंप घुर्र करून फिरला. मी मेले असं मला वाटलं. काही झालं नाही. तिनं नळ बंद केला. मग पुन्हा सोडला. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

बाबा दार उघडून आत आले आणि नाक मुरडलं. "अगं, अंडं नासलंय वाटतं कुठलं तरी."

"मघापासून मलाही वास येतोय."

दार लावून घेतलं. फ्रिजमधली सहा अंडी बाहेर आली. बाबांनी एक एक करून वाडग्यात फोडली आणि हुंगली. सहाच्या सहा ताजी. दोघांनी वाडग्यात पाहिलं, मग एकमेकांकडे.

"आता फोडलीच आहेत तर ऑम्लेट टाकतो," बाबा म्हणाले आणि त्यांनी लायटर उचलला.

माझ्या डब्याच्या बाजू फुगल्या होत्या. पेटीच्या लाकडाला घाम सुटला होता. या क्षणाला मला भंगाराची भीती उरली नव्हती. वरची मुलगी कुशीवर वळली एवढंच मला कळत होतं.

"आई," खारू क्षीण आवाजात म्हणाली, "माझं डोकं दुखतंय."

आईचा हात लगेच तिच्या कपाळावर. "कधीपासून?"

"काही नाही. थोडंसंच."

"कधीपासून म्हणतेय मी!"

"आल्यापासून. मळमळतंय पण. आणि फळी गरम आहे."

"अहो, थांबा जरा, हिची साखर बघू दे." आईनं बोट टोचलं, पट्टीवर थेंब घेतला. आकडा बघून तिच्या कपाळाला आठी पडली. "साखर तर नीट आहे. मग हिला कशानं होतंय?"

"बसल्या बसल्या गाडी लागली असेल," बाबा म्हणाले. लायटर शेगडीजवळ नेला.

आईनं गादीखाली हात घातला. आणि झटक्यात काढला.

"लायटर ठेवा खाली!"

"अगं..."

"खाली ठेवा म्हणते ना! नळाला हात लावू नका, दिव्याला लावू नका. दार उघडा!"

तिनं खारूला पांघरुणासकट उचललं आणि उडीच मारली बाहेर. बाबांनी दोन्ही दारं सताड उघडली, बाहेर येऊन खिडक्या ओढून उघडल्या. वारा धूळ घेऊन आत घुसला. इतकी गोड धूळ मी कधी पाहिली नव्हती.

फोनवर मावशी ओरडत होती. "पोरगी बाहेर आहे ना? बोलतेय ना? मग लांब थांबा."

"ताई, मी जाऊन केबल सोडवतो. ती अजून तापतेय," बाबा म्हणाले.

"आत्ता पान्हा लावलात तर नट सुटायच्या आधी ठिणगी उडेल. अर्धा तास वारा खेळू द्या. मग हातमोजे घाला, डोळ्यांना चष्मा लावा आणि मग जा."

तो अर्धा तास मी आत एकटी खदखदत होते. गोदामातली माणसं लांब जमा झाली होती. खारू एका पोत्यावर बसून मोठमोठे श्वास घेत होती. ओठांना रंग आला, डोकं दुखायचं थांबलं, तशी आई तिच्या शेजारी मटकन बसली आणि हमसून हमसून रडली.

मग बाबा आले. माझ्याकडे बघताना त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी मला सोडवलं, उचलून लांब दगडांवर नेऊन ठेवलं. मग इन्सुलिन गोदामवाल्यांच्या फ्रिजमध्ये गेलं.

"एवढी वर्षं काटे तपासतोय," बाबा जमिनीकडे बघत म्हणाले. "रिकामा काटा शून्यावर उभा आहे म्हणून तो खरा, असं मी एकदाही मानलं नाही. वजन ठेवल्याशिवाय कुणाच्या काट्यावर शिक्का मारला नाही."

"घरच्यावर मारलात," आई म्हणाली.

फोनवर मावशी अजून होती. बाबांनी फोन आईच्या हातात दिला आणि ते उठून गाडीमागे गेले.

दोन दिवसांनी मी गार झाल्यावर त्यांनी मला भंगारवाल्याकडे आणलं. खारू सोबत होती. ती लांबूनच माझा फुगलेला डबा बघत उभी राहिली.

"बाबा, हिला आतून दुखत होतं?"

"हो गं. बरेच दिवस."

"मग हिनं सांगितलं का नाही?"

बाबा म्हणाले, "तू तरी कुठे लगेच सांगतेस? 'काही नाही, थोडंसंच.'"

खारू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग तिनं दोन्ही हात पुढे केले. "हे बघा. थरथरतायत, साखर उतरलीय. मघापासून. तुमचं काम होऊ दे म्हणून मी बोलले नाही."

बाबांनी मला तिथेच टाकलं, तिला कडेवर घेतलं आणि साखरेची पुडी फोडायला दातच लावले. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. बरोबर केलं त्यांनी.

मित्रांनो, मला तोंड नव्हतं हे खरं आहे. पण मला सांगायचंही नव्हतं, हे त्याहून खरं आहे. तुमच्या घरातल्या माझ्यासारख्या मुक्या वस्तूंची झाकणं वेळेवर उघडून बघा. त्यांना पाणी घाला, त्यांची नळी उपटू नका. "अजून चालतेय की" असं कुणी मोठं माणूस म्हणालं तर बेधडक विचारा, "तपासलंत का?" ओरडा बसला तर बसू दे. आणि तुमच्या आत काही दुखत असेल, तर टवटवीत चेहरा करून बसू नका.

माझ्या शेजारी अशाच वीसेक जणी रचून ठेवल्या आहेत. भंगारवाला सकाळपासून एकेकीचा डबा फोडतोय. माझ्या आधी आता तिघी उरल्या आहेत.

मला फार भीती वाटतेय. बघा, सांगितलं. एवढंच तर सांगायचं असतं.