खाणीतली भर

हरिश्चंद्रने खाण भरून घेतली ती कलमं लावायला. घरामागच्या कातळातून त्याच्या वडिलांनी जांभ्या दगडाचा चिरा काढला होता. चिरा संपला आणि मागे मोठा चौकोनी खड्डा राहिला. असे खड्डे मातीने भरून त्यात हापूसची कलमं लावतात. पण रत्नागिरीच्या या सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, माती कुठली? इमारती मात्र सड्यापर्यंत आल्या होत्या. त्या नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर, म्हणून घंटागाडी येत नव्हती. तिथला कचरा उचलणारा टेम्पोवाला संदेश जागा शोधत होता.

“काका, फुकट भर मिळतेय. कुजली की सोनं!”

हरिश्चंद्रला ते पटलं. त्याच्याकडे झाडांचा वाळका पातेरा, शेण, माशांची खवलं, सगळं घरामागच्या खतखड्ड्यात जायचं आणि वर्षाने काळं खत निघायचं. न कुजणारं काही त्यात कधी पडलंच नव्हतं.

पाऊस संपल्यावर त्याने फावडं मारलं. वरच्या थराखाली डायपर, औषधांच्या बाटल्या, सेल, फुटक्या ट्यूबलाइट. पिशव्यांत गाठ मारलेलं अन्न तसंच आंबलेलं. इतका पाऊस पडूनही तळाशी पाणी साचलेलं नव्हतं. ते कुठे गेलं, हे त्याच्या बायकोला, काशीला, विहिरीवर कळलं. कळशी वर आली ती वास घेऊनच. जांभा भोकाभोकांचा असतो. त्यातून पाणी गाळलं जात नाही, नुसतं जातं.

आरोग्य केंद्रातली मुलगी नमुना घेऊन गेली. पाणी पिण्यास अयोग्य निघालं.

संदेशने बऱ्याच वेळाने फोन उचलला. “काढतो ना काका. पण टाकू कुठे? दुसरी खाण दाखवा.” नगरपरिषद म्हणाली, हद्दीबाहेर. ग्रामपंचायत म्हणाली, जागा नाही. मग हरिश्चंद्र स्वतः खाणीत उतरला आणि घमेल्याने कचरा काठावर टाकू लागला. काठ भरला, खाण तेवढीच दिसत होती.

उतारावर खाली कुलसुमचं घर होतं. विहिरी दोन असल्या तरी झरा एकच. एकीचा पंप लागला की दुसरीचं पाणी उतरायचं.

“तिला सांगायला हवं,” काशी म्हणाली.

“थांब जरा. खाण रिकामी होऊ दे.”

“आणि तोवर ती माणसं काय पितील?”

तो खाली वाकून फावडं मारत राहिला. काशी उतार उतरली.

“ये गो काशी! भावोजी खाणीत सोनं शोधतायत म्हणे?” कुलसुमने हसत गूळ आणि पाण्याचा पेला पुढे ठेवला. आत तिची मुलगी झारा तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती.

काशीने पेला उचलला, पण ओठाला लावला नाही.

कुलसुमचं हसू मावळलं. “काय गो? तुझ्या नव्या सुनेने शिकवलंन काय? आमच्या घरचं पाणी चालत नाय आता?”

“तसं नाय गो, भाभी. पाणी नासलंय. आमच्या खाणीतनं उतरलंय.” काशीने पेला खाली ठेवला. “तुमी पिऊ नका कोणी.”

कुलसुमने पेला उचलून बाजूला केला. “बाळाला मी उकळून देते.”

“उकळून जंतू मरतात. सेलमधलं काय उतरलं असेल तर ते उकळून जात नाय, असं आरोग्य केंद्रातली मुलगी म्हणाली.”

“त्याला जुलाब होतायत,” कुलसुम हळूच म्हणाली. “मी म्हटलं, दात येतायत.” मग एकदम ओरडली, “झारा! बाटली काढ त्याच्या तोंडातली!”

“भुकेला आहे गो अम्मी.”

“काढ म्हणते ना!”

बाळ किंचाळायला लागलं. कुलसुमने काशीचा दंड घट्ट धरला. “आता त्याचं पावडरचं दूध कशात करू? सांग. कशात करू?”

काशी हात सोडवून धावतच उतार चढली. घरात अर्धी कळशी होती, सकाळी रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याकडून मागून आणलेली. कळशी कमरेवर घेऊन ती निघाली, तेव्हा हरिश्चंद्रने खाणीतून मान वर केली.

“अगो, ती कुठे नेतेस? आपण काय प्यायचं?”

काशी थांबली नाही. पाणी हिंदकळू नये म्हणून तिने कळशीच्या तोंडावर हात धरला होता.